इसब असलेल्या लेकराला मॉइश्चरायझर कसं लावायचं

आधी खात्री करा. कोपराच्या-गुडघ्याच्या वळ्यांत किंवा गालांवर लाल, खरखरीत चट्टे असतील तर इसब असू शकतं. पण बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीभोवती पुरळ असेल, घरात आणखी दोघं-तिघं रात्री खाजवत असतील, तर खरजेचा संशय घ्या. तिचं औषध वेगळं, आणि ते सगळ्या घरानं एकाच वेळी लावावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून मगच पुढचं करा.

इसबाची कातडी म्हणजे सारवण झडलेला कूड. फटींतून ओल निघून जाते आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू ठाण मांडतो. निरोगी कातडी जराशी आंबट असते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण 5. तिथं त्याला फारसं फावत नाही, आणि कातडीवरचे निरुपद्रवी जिवाणूही त्याला जागा देत नाहीत. साध्या साबणाचा पीएच 9-10 असतो, तो हा आंबटपणा घालवतो, म्हणून रोज खसखसून घासलेलं लेकरू जास्त खाजवतं. मॉइश्चरायझर जिवाणू मारत नाही, फटी लिंपतं. खाज उतरली, नखं थांबली की जिवाणूचाही जोर ओसरतो. नुसत्या कोरड्या चट्ट्याला अँटिबायोटिक मलम लावण्यात अर्थ नाही.

आंघोळ कोमट पाण्यानं, 5 ते 10 मिनिटांत उरका. कढत पाण्याचा शेक, डाळीच्या पिठानं चोळणं, धुरी हे तिन्ही बंद. आजीला पटवणं हेच यातलं अवघड काम. साबण सौम्य, बिनवासाचा, 5.5 पीएच लिहिलेला घ्या आणि तोही काखा, जांघा, पायांपुरताच. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात साबण नीट निघत नाही, तिथं शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे ओता.

जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं अंग टिपा, पुसू नका. कातडी दमट असतानाच, 3 मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा. डब्यात बोटं घालायची नाहीत. नखांतले जिवाणू डब्यात जातात आणि रोज परत अंगावर येतात. स्वच्छ, कोरड्या चमच्यानं वाटीत काढा, हात धुवा, मग केसांच्या दिशेनं वरून खाली हलकेच पसरवा. उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. हे दिवसातून किमान दोनदा, चट्टे नसलेल्या जागीही.

चुकतं ते प्रमाणात. इसब अंगभर असेल तर लहान लेकराला आठवड्याला 125 ते 250 ग्रॅम लागतं. 100 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर तुम्ही नुसतं बोट फिरवताय. महागडं नको, बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली चालते. मे महिन्यात मात्र तिच्याखाली घाम कोंडून घामोळ्या येतात, तेव्हा दिवसा पातळ क्रीम आणि जेली रात्री. खोबरेल चालेल, मोहरीचं तेल नको. आणि जेली मुरलेलं झबलं, दुपटं चुलीपासून लांब ठेवा, ते झपकन पेट घेतं.

चट्टे लाल असताना डॉक्टर स्टेरॉइड (लाली-सूज उतरवणारं) मलम देतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी, ट्यूबमधून पिळलेली वळी म्हणजे अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यांत अर्धा तास जाऊ द्या. मेडिकलमधून न विचारता ‘खाज-गजकर्णाची’ ट्यूब आणू नका. अशा बऱ्याच ट्यूबांत कडक स्टेरॉइड असतं, त्यानं गालांची कातडी पातळ पडते.

चट्ट्यातून चिकट पाणी गळून मधासारखी पिवळी खपली धरली, पू आला किंवा भोवती गरम लागलं, तर जिवाणूनं डाव साधलाय. त्याला डॉक्टरांचंच औषध लागतं. ताप येऊन एकसारख्या बारीक फोडांचे पुंजके उठले आणि फुटून टोचल्यासारखे खड्डे पडले, तर तो हर्पिसचा विषाणू असू शकतो. सकाळची एसटी बघत बसू नका, त्याच रात्री लेकराला ग्रामीण रुग्णालयात न्या.