कानाच्या नसेवर गाठ निघालीये? न्यूरोसर्जनकडे जायच्या आधी एवढं करा

रिपोर्टमध्ये अकॉस्टिक न्यूरोमा असो की व्हेस्टिब्युलर श्वानोमा, गाठ तीच. घरात रडारड सुरू व्हायच्या आत सगळ्यांना सांगून टाका की हा कॅन्सर नाहीये, अंगभर पसरत नाही, वाढते तीसुद्धा साधारण वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर आणि काही गाठी तर वर्षानुवर्षं आहे तेवढ्याच राहतात, त्यामुळे लहान असेल तर उद्याच ऑपरेशन वगैरे घाई नसते. पण डोकेदुखीसोबत उलट्या होतायत, चालताना झोक जातोय, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

सगळ्यात आधी एमआरआयची सीडी. नुसता रिपोर्टचा कागद नको, डॉक्टर तो बाजूला ठेवून स्वतः इमेजेस बघतात आणि ऐनवेळी सीडी उघडतच नाही, म्हणून घरी लावून बघा आणि पेन ड्राइव्हवर कॉपी घ्या. जुना स्कॅन असेल तर तोही न्या, गाठ वाढतेय की नाही हे दोन स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. नवा कॉन्ट्रास्ट एमआरआय (शिरेतून औषध देऊन करतात तो) करायचा असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट जवळ ठेवा, पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, ताजी हवी आणि त्यात शब्द किती कळतात ती स्पीच टेस्टपण हवी, कारण या आजारात बरेचदा आवाज येतो पण बोललेलं समजत नाही. बाकी लक्षणं वहीत लिहा: फोन कधीपासून दुसऱ्या कानाला लावायला लागलात, शिट्टीसारखा आवाज कुठल्या कानात, आंघोळीला डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटले की तोल जातो का, गाल बधिर वाटतो का. दोन्ही कानांना गाठी असतील तर एनएफ२ (अशा गाठी आणणारा जनुकीय आजार) आणि जेनेटिक टेस्टबद्दल नक्की विचारा.

आता प्रश्न. गाठ किती मिलिमीटर, ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) टेकलीये का, आणि नुसतं लक्ष ठेवणं, गामा नाइफ (चाकू नव्हे, गाठीवर नेमकं सोडलेलं रेडिएशन), ऑपरेशन यातलं माझ्यासाठी काय आणि का. माझ्या मते सर्जन आणि रेडिएशनवाले दोघांनाही भेटावं, प्रत्येकाचा कल आपापल्या कामाकडे असणारच. गामा नाइफने गाठ काढत नाहीत, तिची वाढ थांबवायचा प्रयत्न असतो, आणि सुरुवातीला ती थोडी फुगलेली दिसू शकते, तेव्हा पुढच्या स्कॅनला घाबरू नका. ऑपरेशन कानामागून ट्रान्सलॅबिरिंथाइन (आतल्या कानातून वाट काढायच्या) पद्धतीने करणार असतील तर त्या कानाचं ऐकणं जातंच. चेहऱ्याची नस गाठीला चिकटूनच असते म्हणून स्पष्ट विचारा, अशी किती ऑपरेशनं तुम्ही करता, नसेचं मॉनिटरिंग असतं का, ती नस दुखावून डोळा मिटला नाही तर ड्रॉप्स-मलम किती दिवस, तोल सावरायचे व्यायाम कोण शिकवणार.

आणि हो, मेडिक्लेमवाल्यांना आधीच फोन करा, गामा नाइफला बरेचदा ॲडमिट राहावं लागत नाही, तेव्हा ते डे केअरमध्ये बसतं का ते मेलवर लिहून घ्या.