कचरा टाकणारा हात आणि उचलणारा हात

संसर्ग नियंत्रण विभागात नव्याने रुजू होणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी नियमावली वाचायला देत नाही. वॉर्डातल्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीशेजारी तासभर नुसते उभे करते. कोणती वस्तू कोणत्या डब्यात गेली, एवढेच त्यांनी पाहायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रुग्णालयातील सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्या कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. घातक असतो तो उरलेला १५ टक्के. परंतु रक्ताने भिजलेला एक बोळा कागदांच्या डब्यात पडला, की तो सगळा डबा घातक धरावा लागतो, आणि नंतर हाताने निवडून तो वेगळा करण्याचा विचारसुद्धा करायचा नसतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. प्रशिक्षणाच्या काळात एकदा रक्ताचा नमुना घेतल्यावर घाईघाईत मी सुई बोळ्यांबरोबर पिशवीत टाकली, कारण तीक्ष्ण वस्तूंचा डबा खाटेच्या पलीकडे, चार पावलांवर होता. पाळी संपता संपता पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या पोटरीत ती शिरली. त्यांनी नळाखाली पाय धरला आणि ‘काही नाही झालं’ म्हणत पुढची पिशवी उचलली. खरी अडचण नंतर कळली: पिशवीत अनेक रुग्णांचा कचरा एकत्र झाला होता, मी माझी चूक दुसऱ्या दिवसापर्यंत बोलले नव्हते, त्यामुळे सुई कोणाच्या रक्ताची हे कोणालाच सांगता येईना; शिवाय मावशींची हिपॅटायटिस बी ची लस अर्धवट राहिली होती. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित सुई टोचल्यास हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, हिपॅटायटिस सी ची सुमारे २ टक्के आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस बी चा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो. त्यांच्या तपासण्या पुढे निर्दोष आल्या, पण ते महिने मी विसरलेले नाही.

म्हणून नवोदितांना मी सांगते, की वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, आणि डबा सुईपर्यंत न्या, सुई डब्यापर्यंत नेऊ नका. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा. वर उरलेली जागा पाहून ‘अजून दोन मावतील’ म्हणणारा माणूस प्रत्येक वॉर्डात सापडतो. कचऱ्याच्या प्रकारानुसार ठरवलेले पिशव्यांचे रंग देशागणिक बदलतात, तेव्हा पूर्वीच्या नोकरीतल्या सवयीवर विसंबू नका.

सुई टोचलीच, तर जखम साबण आणि पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच कळवा. एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार ७२ तासांच्या आत, खरे तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला हवा, आणि तो २८ दिवस चालतो. ओशाळून गप्प बसण्यात हाच वेळ निघून जातो. कळवणाऱ्याला रागावणारे वरिष्ठ हे माझ्या मते फुटलेल्या डब्याइतकेच धोकादायक असतात.

कचऱ्यावरील प्रक्रियेच्या यंत्रांबद्दल थोडेच सांगते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसची वाफ दाबाखाली पुरेसा वेळ मिळाली तरच जंतू मरतात, आणि पिशव्या ठासून भरल्या तर मधल्या कचऱ्यापर्यंत वाफ पोहोचतच नाही. काटा १२१ दाखवतो आणि आत जंतू जिवंत राहतात, म्हणून उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंची कुपी कचऱ्याच्या मध्यभागी ठेवून ते बीजाणू मेले की नाही हे ती नंतर उबवून पाहावे लागते. पीव्हीसीच्या नळ्या भट्टीत जाळू नयेत. त्यातून डायॉक्सिन नावाची विषारी रसायने तयार होतात. नव्या माणसाला मी ती बीजाणूंची कुपी स्वतःच्या हाताने ठेवायला लावते, आणि निकालाच्या नोंदवहीत सहीही त्याचीच घेते.