स्थलांतरित मुलांना मराठी शिकवताना या चुका टाळा
रत्नागिरीच्या आंबा बागांत राखणीला येणारी नेपाळी कुटुंबे, मासेमारी बोटींवरील नेपाळी खलाशी आणि चिरेखाणींवर राबणारे कर्नाटकातील मजूर यांची मुले आज किनाऱ्यावरील शाळांत येऊन बसतात. बागेचा आणि मासेमारीचा हंगाम शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत नसल्यामुळे पुष्कळ मुले वर्ष निम्मे सरल्यावर पोहोचतात आणि जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून दारातूनच परत पाठवली जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. मराठी येत नाही एवढ्यावरून दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवणेही चूकच. त्याला वयानुरूप वर्ग आणि सोबत विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे.

याहून मोठी चूक वर्गात होते आणि ती सहसा लक्षात येत नाही. नेपाळीची लिपी देवनागरीच असल्याने तिकडे शाळेत गेलेले मूल मराठी धडा घडाघडा वाचते आणि त्याला सारे समजले असे आपण धरून चालतो. कन्नड अक्षरे उत्तम वाचणारे मूल मात्र आपल्या फळ्यापुढे निरक्षर ठरते. म्हणून पहिल्याला वाचलेल्याचा अर्थ विचारावा आणि दुसऱ्याला कन्नड माध्यमाचे पुस्तक वाचायला द्यावे. बालभारती तीही पुस्तके काढते.

‘माझा होडी’ म्हणणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरवणे तर अन्यायच आहे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सामान्यतः नपुंसकलिंगी असतात आणि नेपाळीत निर्जीवांना लिंगभेद जवळजवळ नाही, त्यामुळे भिंत ‘ती’ आणि दरवाजा ‘तो’ का, याचे उत्तर त्या मुलाला अर्थातून सापडूच शकत नाही. नियम पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक नाम सर्वनामासह शिकवावे: ती होडी, तो मासा, ते जाळे. नेपाळी मूल ‘जाले’ म्हणाले, तर त्याच्या भाषेत ‘ळ’ नाही हे ध्यानात घ्यावे. कन्नडमध्ये तो आहे, तेव्हा शेजारच्या कन्नड मुलाकडूनच तो उच्चार करवून घेता येतो.

मालवणच्या बाजूला अशी मुले खेळताना मित्रांकडून ‘खंय’ शिकतात आणि वर्गात तेच बोलल्याबद्दल ओरडा खातात. त्यांनी उचललेली ती पहिली मराठी आहे. ‘खंय’ राहू द्यावे आणि शेजारी ‘कुठे’ लिहावे.