आत्याच्या घरात मांजरं वाढतच चाललीत? नातलगांनी या चुका टाळा

‘आत्या गावाला गेली की घर रिकामं करू’ हा बेत बहुतेक नातलग आखतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. परत आल्यावर ती तुम्हाला उंबरठ्यातही उभं करत नाही आणि काही महिन्यांत घर पुन्हा भरतं. हा नुसता हट्ट नसतो. 2013 सालच्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मानसिक आजारांच्या यादीत, संचय विकार (वस्तू टाकून न देता साठवत राहणं) स्वतंत्र आजार म्हणून नोंदला आहे आणि प्राण्यांचा संचय हे त्याचंच एक रूप मानलं जातं. मानसोपचार सोबत हवेतच. सुरुवात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करूनही होते.

मांजरं पोत्यात भरून मासळीबाजारात सोडणं तर त्याहून वाईट. 1960 च्या प्राणिक्रूरता कायद्याच्या कलम 11 नुसार प्राण्याला उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे, तसंच त्याला त्रास होईल अशा ठिकाणी टाकून देणंही. म्हणजे गुन्हेगार तुम्ही!

आकडा कमी करण्याआधी वाढ थांबवा. भाटी (मादी मांजर) चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. पाच मांजरं दत्तक दिली तरी दोन महिन्यांत आकडा होता तिथेच. म्हणून पहिल्याच दिवशी बोके आणि भाट्या वेगळ्या खोल्यांत ठेवा, मग नसबंदी. इथे एक हमखास चूक होते: नसबंदी झालेला बोका लगेच भाट्यांत सोडतात. त्याच्यापासून पुढचे काही आठवडे गर्भ राहू शकतो, त्यामुळे सहा आठवडे त्याला वेगळाच ठेवा.

मुतावर ब्लीच ओतू नका. मुतातल्या अमोनियाशी त्याची प्रक्रिया होऊन विषारी वायू निघतो. आधी खिडक्या उघडा, मग फरशी नुसत्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. पकडताना मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा.

बोलताना ‘किती ही घाण!’ नको. ‘हिचा डोळा चिकटलाय, उद्या डॉक्टरांना दाखवू’ म्हटलं तर दार उघडं राहतं. कोणती दोन-तीन ठेवायची तेही आत्यालाच ठरवू द्या. पुढे दर आठवड्याला चक्कर मारा, वहीत फोटो चिकटवून मोजणी ठेवा. नवं मांजर दिसलं तर ओरडू नका; त्याला वेगळं ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे लस आणि नसबंदीची तारीख ठरवा.