आडवाटेचा पावसाळी धबधबा कसा शोधायचा

बूट, शिट्टी, दोरी, घरी सांगून निघणं हे सगळं गृहीत धरतो. ताम्हिणीच्या बाजूला जाणार असाल तर तिथे वन्यजीव अभयारण्य आहे. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेक ठिकाणी बंदीचे आदेश काढतात. ते आधी बघा, मगच जागा ठरवा.

शोध घरीच सुरू होतो. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा उघडा. त्यात दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) २० मीटरची उंची असते. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलाय. मऊ थर झिजला की वरचा कठीण थर तुटतो आणि उभा कडा उरतो. नकाशात तिथे रेषा एकमेकींना चिकटतात. अशा रेषांमधून ओढा खाली उतरत असेल तर तिथे पाणी पडणारच. आता कड्याच्या वर बघा. ओढ्यामागे मोठं पठार असेल तर पाऊस थांबल्यावरही धबधबा वाहता राहतो, टीचभर सडा (उघडा कातळी माळ) असेल तर बघता बघता आटतो.

गावात पोचल्यावर गुराख्याला गाठा. ‘धबधबा कुठाय?’ विचारलंत तर तो रस्त्याकडेचाच दाखवेल, कारण शहरातले सगळे तोच बघायला येतात. उन्हाळ्यात गुरं कुठल्या कोंडावर, म्हणजे धारेखाली पाणी पडून झालेल्या खोल डोहावर, पाणी पितात ते विचारा.

ओढा धरून वर चढणं सोपं. खरी गोची होते ती ओढ्याला फाटे फुटतात तिथे. मी सुरुवातीला कायम इथेच अडायचो.

‘आवाजाच्या दिशेने जा’ असं सांगणाऱ्याने कधी घळीत पाऊल ठेवलेलं नसावं. आवाज समोरच्या कातळावर आपटून परत येतो. त्यात कारवीवर पडणारा पाऊस आणि पायाखालचा खळखळाट मिसळतो. धबधबा डावीकडे असतो आणि कान उजवीकडे ओढतात. मोबाईलवरचा ठिपकाही अरुंद घळीत भरकटतो, कारण वर आकाशाची फटच दिसत असते.

त्यापेक्षा संगम मोजा. आपल्या ओढ्याला कड्यापर्यंत कुठल्या बाजूने किती फाटे मिळतात ते नकाशावरून आधीच लिहून ठेवा आणि चढताना एकेक खोडत जा. अडचण एवढीच की जुलैत प्रत्येक खाचेतून पाणी धावतं आणि नकाशात नसलेले दहा फाटे दिसतात. म्हणून पाण्याखाली बघा. फक्त पावसापुरत्या वाहणाऱ्या खाचेत गवत आडवं झोपलेलं असतं, तळाला माती असते. खऱ्या ओढ्याचा तळ खरवडलेला असतो: उघडा कातळ, धुतलेले धोंडे, काठावरची मुळं उघडी पडलेली. मोजायचे ते हेच. पाणी किती आहे यावर जाऊ नका, एका सरीनंतर खाचही फुगते.

तरीही शंका राहिली तर अंदाजाने कुठल्याही फाट्यात घुसू नका. मागे फिरा, डोंगराच्या समोरच्या सोंडेवर चढा आणि धुकं फाटायची वाट बघा. कड्यावरची पांढरी रेघ एकदा दिसली की होकायंत्राने दिशा घ्या आणि मगच खाली उतरा. हे कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा पर्याय नाही.

चढताना पाण्याच्या रंगावर लक्ष असू द्या. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या, तर वर पाऊस कोसळलाय. त्याच क्षणी ओढा सोडून बाजूच्या उतारावर चढा. ओढ्यातूनच खाली पळू नका, लोंढा तुमच्यापेक्षा वेगाने येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात, एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती जागा तर भर गर्दीची होती. आडरानात दोरी टाकायलाही कुणी नसतं.

पोचल्यावर धारेच्या थेट खाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगडही येतात. फोटो बाजूने काढा. धुक्यात घळ लवकर अंधारते, म्हणून दुपारी दोनला परतीला लागा, धबधबा सापडलेला असो वा नसो.