‘इंटरफिअर’पुढे ‘इन’ की ‘विथ’? लिहिताना या चुका टाळा

सोसायटीचा तक्रारअर्ज असो, ऑफिसचा मेल असो की नोटिशीचं उत्तर, ‘इंटरफिअर’ आला की त्याच्या पुढचा शब्द हमखास चुकतो. स्पेलचेकला ही चूक सापडत नाही, कारण ‘इंटरफिअर इन’ आणि ‘इंटरफिअर विथ’ ही दोन्ही रूपं बरोबरच आहेत. फक्त त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

चुकीचं मूळ मराठीच्या ‘त’मध्ये आहे. घरच्या भांडणात लुडबुड, कारभारात ढवळाढवळ, अभ्यासात व्यत्यय, तपासात अडथळा, असं सगळं आपण ‘त’ लावून बोलतो आणि इंग्रजी लिहिताना हात आपोआप ‘इन’कडे वळतो. लुडबुड आणि ढवळाढवळ असेल तर ‘इन’ चालतं. व्यत्यय आणि अडथळा असेल तर ‘विथ’च हवं. म्हणजे आपला संबंध नसलेल्या बाबतीत कुणी नाक खुपसलं तर ‘इन’, आणि सुरळीत चाललेलं काही बिघडलं, अडलं, मंदावलं तर ‘विथ’.

आवाज, औषध, पाऊस, यंत्र असं काही कर्ता असेल तर डोळे झाकून ‘विथ’ लिहा. ‘द नॉइज इंटरफिअर्स विथ माय स्टडीज.’ थायरॉइडच्या गोळीबद्दल लिहायचं तर ‘कॅल्शियम इंटरफिअर्स विथ द ॲब्सॉर्प्शन ऑफ लेव्होथायरॉक्सिन’. कॅल्शियममुळे ती गोळी शरीरात नीट शोषली जात नाही, म्हणून दोन्हींत किमान ४ तासांचं अंतर ठेवायला सांगतात. इथे ‘इन’ लिहिलं तर वाक्य मोडतं.

नियमांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा मी दोन दस्तऐवज लक्षात ठेवायला सांगेन. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या १२व्या कलमात ‘इंटरफिअरन्स विथ हिज प्रायव्हसी, फॅमिली, होम ऑर कॉरस्पाँडन्स’ असं आहे. तिथे माणसाच्या खासगी आयुष्याला बाधा आणू नका, हे सांगायचं होतं. भारत आणि चीनने २९ एप्रिल १९५४ रोजी केलेल्या करारातलं पंचशीलाचं तत्त्व मात्र ‘नॉन-इंटरफिअरन्स इन ईच अदर्स इंटर्नल अफेअर्स’ असं आहे, कारण तिथे मुद्दा दुसऱ्या देशाच्या कारभारात नाक खुपसण्याचा होता. अडलात की ही दोन वाक्यं आठवा.

माणूस कर्ता असतो तेव्हा जास्त जपावं लागतं. ‘ही इंटरफिअर्ड इन द इन्व्हेस्टिगेशन’ म्हणजे त्याने तपासात नको तिथे तोंड घातलं. ‘ही इंटरफिअर्ड विथ द इन्व्हेस्टिगेशन’ म्हणजे त्याच्यामुळे तपास नीट होऊ शकला नाही. दुसरा आरोप बराच जड आहे. तो करायचा नसेल तर ‘विथ’ लिहू नका.

मीटरचं पत्र

सगळ्यात महागात पडणारी चूक वस्तूच्या बाबतीत होते. वीजमीटर जिन्याखालून बाहेर हलवायचे आहेत आणि एक सभासद सारखा मध्ये मध्ये करतोय, अशी परिस्थिती घ्या. सेक्रेटरी वीज कंपनीला लिहितात, ‘मिस्टर अमुक इज इंटरफिअरिंग विथ द मीटर्स.’ वाचणाऱ्या अभियंत्याला यातून दिसतो तो मीटरशी छेडछाड करणारा माणूस. ‘विथ’च्या पुढे वस्तू आली की अर्थ होतो तिला परवानगीशिवाय हात लावला, बिघडवली. सेक्रेटरींना तक्रार करायची होती आडमुठेपणाची आणि कागदावर गेला वीजचोरीच्या जवळ जाणारा आरोप. वीज कायदा, २००३च्या कलम १३५मध्ये मीटरमध्ये फेरफार करणं हा वीजचोरीचाच प्रकार धरला आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असं पत्र एकदा आवक क्रमांक पडून फाइलला लागलं की ‘आमचं तसं म्हणणं नव्हतं’ हे सांगत बसावं लागतं.

सेक्रेटरींनी लिहायला हवं होतं ते असं: ‘मिस्टर अमुक इज ऑब्जेक्टिंग टू द शिफ्टिंग ऑफ द मीटर्स.’ तो कामगारांना प्रत्यक्ष अडवत असेल तर ‘इंटरफिअरिंग विथ द शिफ्टिंग वर्क’. ‘विथ’पुढे मीटर नको, काम हवं. अशा पत्रात ‘विथ’नंतरच्या नामाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढते आणि ती वस्तू आहे, काम आहे की माणूस, हे पाहते. पत्र पाठवण्याआधी एवढं दहा सेकंदांचं काम करायचा कंटाळा करू नये.

त्याच कलम १३५मध्ये ‘टॅम्पर्स अ मीटर’ असं ‘विथ’शिवाय छापलेलं आहे आणि त्याचा दाखला देऊन वाद घालणारे भेटतात. कायद्यातलं वाक्य उद्धृत करताना ते जसंच्या तसं ठेवा. स्वतःच्या वाक्यात ‘टॅम्पर विथ’च लिहा. जामिनाच्या अटीतही ‘टॅम्पर विथ द एव्हिडन्स’ असंच असतं. इथे आपली मराठी मदतीला येते, कारण आपणही पुराव्या‘शी’ छेडछाड म्हणतो, पुराव्या‘त’ म्हणत नाही.

‘विथ’च्या पुढे मूल

शाळेच्या परिपत्रकात ‘पेरेंट्स शुड नॉट इंटरफिअर विथ द चिल्ड्रन ड्युरिंग द एक्झाम’ असं वाक्य जाऊ देऊ नका. ब्रिटिश इंग्रजीत ‘विथ’नंतर थेट मूल आलं की त्याचा अर्थ लैंगिक गैरवर्तन असा होतो आणि तो शब्दकोशांत नोंदलेला आहे. इंग्लंडमध्ये शाळेत, पाळणाघरात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्या मराठी मंडळींनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. रोजच्या नोंदवहीत एका सहकाऱ्याबद्दल असं वाक्य पडलं तर त्यावरून चौकशी सुरू होऊ शकते. तुम्हाला ‘डिस्टर्ब’ किंवा ‘इंटरप्ट’ म्हणायचं असतं, तर तेच लिहा. साक्षीदाराच्या बाबतीत ‘इंटरफिअर विथ अ विटनेस’ म्हणजे त्याच्यावर दबाव आणणं. तो अर्थ न्यायालयीन भाषेत रुळलेला आहे.

कर्मणी वाक्यात गळणारं ‘विथ’

‘द ऑर्डर शुड नॉट बी इंटरफिअर्ड.’ नवे वकील असं लिहितात आणि तिथेच थांबतात. वाक्याच्या शेवटी ‘विथ’, ‘इन’, ‘टू’ येऊ नये, असं शाळेत कुणीतरी बजावलेलं असतं. ते विसरा. कर्तरी वाक्यात ‘विथ’ असेल तर कर्मणीतही ते राहतंच: ‘शुड नॉट बी इंटरफिअर्ड विथ’. शंका आली तर वाक्य कर्तरी करून पाहा. ‘द कोर्ट शुड नॉट इंटरफिअर द ऑर्डर’ वाचलं की काय गळलंय ते लगेच कळतं. शेवटचं ‘विथ’ डोळ्याला खुपतच असेल तर ‘नो इंटरफिअरन्स इज वॉरंटेड’ ही न्यायालयीन वळणाची रचना वापरा. न्यायालयीन इंग्रजीत या शब्दाला नाराजीचा सूर नसतो, वरच्या न्यायालयाने खालच्या आदेशात बदल करणं एवढाच अर्थ असतो. बाहेर मात्र तो टीकेचा शब्द आहे, म्हणून भांडण मिटवायला कुणी मदत केली असेल तर ‘इंटरव्हीन्ड’ किंवा ‘स्टेप्ड इन’ लिहा.

‘सरकारी कामात अडथळा’ याचं ‘इंटरफिअरिंग इन गव्हर्नमेंट वर्क’ करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१मध्ये शब्द ‘ऑब्स्ट्रक्ट’ आहे आणि त्याला पुढे काही लागत नाही: ‘ऑब्स्ट्रक्टेड द ऑफिसर’.

उरलेलं थोडक्यात. ‘डोंट इंटरफिअर मी’ नाही. ‘इंटरफिअर इन्टू’ नाही, ‘इन्टू’ हवंच असेल तर ‘पोक युअर नोज इन्टू’ म्हणा, तेही घरगुती बोलण्यात. नवरा-बायकोच्या मध्ये पडण्याला ‘इंटरफिअर बिटवीन’ नव्हे, ‘कम बिटवीन’. मध्येच तोंड घालणं या अर्थाच्या ‘बट इन’मधल्या ‘बट’ला दोन टी लागतात आणि तो अर्जात वापरायचा शब्द नाही. ‘इंटरफिअर्ड’मध्ये एफनंतर ई, मग एकच आर. ‘रेफर्ड’, ‘प्रेफर्ड’ पाहून दुसरा आर घालू नका, कारण त्या शब्दांच्या मूळ रूपात शेवटी ई नाही, इथे आहे. आणि ‘इंटरफिअरन्स’च्या शेवटी ई-एन-सी-ई येतं, ए-एन-सी-ई नाही.