जुन्या कार्टूनपटांतून स्टुडिओंचा इतिहास कसा अभ्यासावा

उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीच्या विश्रामबाग भागातील आमच्या सोसायटीच्या सभागृहात आम्ही मुलांना आणि त्यांच्या पालकांना जुने कार्टूनपट दाखवतो. असा उपक्रम आपल्या गल्लीत करू इच्छिणाऱ्यांसाठी ही पद्धत लिहीत आहे.

पट निवडताना पात्रांऐवजी स्टुडिओंचा क्रम धरावा, कारण मिकी किंवा टॉम यांच्यामागे लागले की त्यांना घडवणारे हात नजरेआड होतात. प्रत किती जुनी व पूर्ण आहे हे आधी तपासावे. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने पुढे ‘ब्लू रिबन’ या नावाने पुन्हा प्रदर्शित केलेल्या कित्येक पटांची मूळ श्रेयनामावली कापली गेली होती, त्यामुळे दिग्दर्शकाचे नावच पडद्यावर उरले नाही. शिवाय प्रत्येक पट स्वतः आधी पाहावा. काहींत कृष्णवर्णीयांची अपमानकारक चित्रे आहेत. ती लहान मुलांपुढे अचानक येऊ नयेत.

प्रत्येक पट दोनदा दाखवावा, आणि पहिल्यांदा आवाज बंद ठेवावा. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झालेला डिस्नेचा ‘स्टीमबोट विली’ असा पाहिला, की हालचाली ठेक्यावर बसवलेल्या आहेत हे संगीत नसतानाही कळते. एमजीएम या स्टुडिओच्या ‘टॉम अँड जेरी’त स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत पावलापावलाला कसे बिलगते, हेही दुसऱ्या फेरीतच नीट उमगते.

त्यानंतर न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओकडे वळावे. खऱ्या माणसाचे चित्रीकरण करून त्यावरून एकेक चौकट गिरवण्याच्या रोटोस्कोप यंत्राचे पेटंट मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये मिळाले. त्यांची कार्टून नायिका बेटी बूप हिच्या १९३२ च्या एका पटात गायक कॅब कॅलोवे यांचे नृत्य याच रीतीने एका वॉलरसच्या भुताच्या अंगात उतरले आहे. तो प्रसंग थांबवत थांबवत दाखवावा, मुले स्वतः उठून नाचून पाहतात. पार्श्वभूमीला खोली देण्यासाठी फ्लायशर यांनी चित्रांमागे खरे छोटे देखावे उभे केले, तर डिस्नेने १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’मध्ये काचेच्या अनेक थरांवरची चित्रे वरून टिपणारा मल्टिप्लेन कॅमेरा वापरला. अशा देखाव्यांचा एखादा फ्लायशर पट आणि ‘द ओल्ड मिल’ एकाच संध्याकाळी लावावेत.

सर्वांत जास्त वेळ मात्र पुढच्या टप्प्याला द्यावा. १९४१ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत संप झाला आणि तेथून बाहेर पडलेल्या काही कलावंतांनी पुढे यूपीए हा स्टुडिओ उभारला. त्यांच्या १९५० च्या ‘जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग’मधील सपाट रंग आणि मोजक्या रेषा ही त्यांची जाणीवपूर्वक केलेली निवड होती. एमजीएमने १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केल्यावर ‘टॉम अँड जेरी’चे कर्ते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा दूरचित्रवाणीकडे वळले. तेथेही चित्रांची संख्या घटली, पण ती अल्प खर्च आणि अपुरा वेळ यांमुळे. या दोन काटकसरी एकच समजणे मला चुकीचे वाटते. हॅना-बार्बेरा यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यातील कॉलर पाहण्यास सांगावे: धड स्थिर ठेवून केवळ डोके नव्याने काढले, तरी सांधा त्या कॉलरखाली झाकला जातो. विष्णुदास भावे यांच्या लाकडी बाहुल्यांविषयी ऐकलेल्या सांगलीकरांना सुट्या अवयवांची ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

शेवटची संध्याकाळ आपल्याकडच्या कामासाठी राखावी. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजन या चित्रपटसंस्थेच्या कार्टून विभागातील कलावंतांना डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी शिकवले, आणि त्यातून १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ हा जातककथेवरील पट तयार झाला. तो दाखवण्यापूर्वी ‘स्नो व्हाइट’मधील वनातील प्रसंग लावावा आणि दोन्हींतील हरणांची चाल मुलांना वहीत रेखाटायला सांगावी.